फौजेतून संग्रहालयात: मुंबईतल्या माजी सैनिकांसाठी गाइडच्या कामाची सुरुवात

निवृत्त फौजी संग्रहालयात गाइड म्हणून उभा राहिला की पहिल्या महिन्यात एक चूक हमखास होते. समोरची तोफ बाजूला राहते आणि तो आपल्या पलटणीच्या गोष्टी सांगत सुटतो. लोक मन लावून ऐकतात, हस्तांदोलन करतात, सेल्फीही काढतात. दाराबाहेर पडताना मात्र त्या तोफेबद्दल त्यांना काहीच कळलेलं नसतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच नियमाभोवती फिरतात: आधी वस्तू, मग आठवण, आणि आठवण सांगायचीच तर ‘ही आठवण आहे’ असं म्हणून.

मुंबईत उभं राहायचं कुठे

जुनी ‘विक्रांत’ होती तोवर या प्रश्नाला सोपं उत्तर होतं. ४ मार्च १९६१ रोजी नौदलात आलेली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये ती धोकादायक ठरवून लोकांसाठी बंद केली आणि २०१४ पासून तिचं भंगार झालं. तेव्हापासून मुंबईतला लष्करी इतिहास तुकड्यातुकड्यांत विखुरलेला आहे, आणि नव्या गाइडने तो तसाच शिकलेला बरा.

नौदल गोदीच्या लायन गेटसमोरच्या चौकात ‘विक्रांत’च्याच धातूतून अर्झान खंबाटा यांनी घडवलेलं स्मारक आहे. त्याचं अनावरण जानेवारी २०१६ मध्ये झालं. बॅलार्ड इस्टेटमधलं १९२० चं बॅलार्ड बंदर गेटहाऊस नौदलाने सागरी संग्रहालय म्हणून जपलं आहे. तिथे जाण्याआधी ते कधी उघडं असतं हे विचारूनच निघा. कूपरेजजवळ १९४६ च्या नाविक उठावाचं स्मारक आहे. कुलाब्याच्या टोकाकडे अफगाण चर्च आहे, ते १८३८ ते १८४२ च्या पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी बांधलं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ‘मरुत’ हे भारतीय बनावटीचं लढाऊ विमान आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात अकबराचं १५८१ चं चिलखत आहे. या वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीचाही फौजेशी संबंध आहे: पहिल्या महायुद्धाच्या काळात ती लष्करी इस्पितळ म्हणून वापरली होती. शस्त्रदालनात शिरण्याआधी दारातच हे सांगितलं तर लोक भिंतींकडेही बघू लागतात.

यातलं एकच ठिकाण निवडा. तीन महिने तिथेच काढा. दोन ठिकाणं एकदम धरणारा दोन्हीकडे अर्धवट राहतो.

अर्ज आणि पहिली भेट

संग्रहालयाच्या अभिरक्षकाच्या (क्युरेटरच्या) नावे एका पानाचं पत्र पुरतं. त्यात पाच गोष्टी लिहा: सेवेची वर्षं, नेमकं काम (नुसतं ‘सैन्यात होतो’ नको, ‘तोफखान्यात गनर’, ‘नौदलात इंजिनरूम मेकॅनिक’, ‘सिग्नलमध्ये ऑपरेटर’ असं लिहा), बोलता येणाऱ्या भाषा, आठवड्यातले मोकळे दिवस, आणि काय जमणार नाही ते. हा पाचवा मुद्दा लोक लपवतात आणि दुसऱ्याच आठवड्यात गुडघे धरून बसतात. जिने चढता येत नसतील, एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर आधीच सांगा. तोफखाना आणि इंजिनरूमच्या लोकांच्या कानांचं काय होतं हे तिथल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही.

सोबत माजी सैनिक ओळखपत्राची प्रत, डिस्चार्ज बुकातलं सेवेचं पान, आधार आणि दोन फोटो न्या. पत्र नुसतं टाकून येऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तुमचं नाव नोंदवलेलं असेल तर तिथेही विचारून ठेवा. शाळांच्या कार्यक्रमांसाठी वक्ते शोधणारे तिकडे चौकशी करतात.

पहिल्या भेटीत या चार प्रश्नांची उत्तरं घेतल्याशिवाय उठू नका. तुमचं बोलणं कोण तपासणार? फोटोबाबत नियम काय? कुणाला घेरी आली तर प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे आणि फोन कुणाला करायचा? प्रवासखर्च मिळतो का? शेवटचा प्रश्न विचारायला फौजी लाजतो. विरारहून किंवा डोंबिवलीहून आठवड्यातून दोनदा यायचं तर महिन्याकाठी ती रक्कम लहान नसते. विचारा.

काय बोलायचं नाही, हे आधी ठरवा

शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ निवृत्तीनंतरही लागू असतो. ‘आता जुनं झालं, बोलायला हरकत नाही’ ही परवानगी तुम्ही स्वतःला देऊ शकत नाही. साधी कसोटी अशी: छापील अधिकृत इतिहासात किंवा संग्रहालयाच्या फलकावर आहे तेच बोला. रेडिओची वारंवारता, तळाची रचना, सध्या कोणती पलटण कुठे आहे, दारूगोळा कुठे ठेवतात, यातलं काहीही नको.

मुंबईत याला एक खास कोन आहे. लायन गेटपाशी तुमच्या पाठीमागे चालू असलेली नौदल गोदी असते. तिथे धक्क्याला लागलेल्या युद्धनौकेकडे बोट करून ‘ती अमुक, तिच्यावर तमुक क्षेपणास्त्र’ असं सांगायचं नाही. लोकांना गेटच्या दिशेने फोटो काढू द्यायचा नाही. गटाला स्मारकाकडे तोंड करून उभं केलं की अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

गणवेश घालू नका. पांढरा शर्ट, गडद पँट, न घसरणारे बूट आणि संग्रहालयाचं ओळखपत्र एवढं पुरे. पदकं २६ जानेवारी किंवा ४ डिसेंबरसारख्या प्रसंगी, कोटावर डाव्या बाजूला. रोजच्या फेरीत पदकं लावली की लोक वस्तू सोडून तुमच्या छातीकडे बघत राहतात.

प्रत्येक वस्तूचं एक कार्ड

तयारीतलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि यात घाई केली तर पुढे भोगावं लागतं. साधारण १५ × १० सेंटिमीटरची जाड कार्डं घ्या. एका वस्तूला एकच कार्ड. त्यावर क्रमाने लिहा: नाव, ती कुठे आणि कधी बनली, चार-पाच आकडे, ती कशी चालायची (दोन वाक्यांत), ‘हीच वस्तू’ युद्धात होती की ‘या प्रकारची वस्तू’ होती, लोक हमखास कुठे चुकतात, आणि माहिती कुठून घेतली.

पाचवी ओळ सगळ्यात जास्त वेळा कोरी राहते. ‘ही तोफ १९७१ मध्ये लढली’ आणि ‘अशा तोफा १९७१ मध्ये लढल्या’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नोंदवहीत त्या नेमक्या तोफेची नोंद मिळाली तरच पहिलं वाक्य म्हणायचं. नोंद नसेल तर दुसरं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

उदाहरण म्हणून २५ पौंडर घ्या, कारण ही तोफ देशभर छावण्यांच्या दारात दिसते. नळीचा व्यास ८७.६ मिलिमीटर, गोळा सुमारे ११.३ किलोचा, पल्ला जवळपास १२ किलोमीटर, तोफदस्ता ६ जणांचा. ‘लोक कुठे चुकतात’ या रकान्यात लिहा: मुलांना वाटतं की २५ पौंड हे तोफेचं वजन. वजन दीड टनाहून जास्त आहे. २५ पौंड गोळ्याचे. हे सांगितलं की मुलं लगेच हिशेब करायला लागतात, आणि ६ माणसं तिला कशी हलवत असतील हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो. तुम्ही विचारण्याची गरज राहत नाही.

बंदुकांच्या कार्डावर मापांचा घोळ होतो. थ्री-नॉट-थ्री म्हणजे ०.३०३ इंच, ७.७ मिलिमीटर. मुंबईकर तिला पोलिसांची बंदूक म्हणून ओळखतात, तर सुरुवात तिथूनच करा. पुढची एसएलआर रायफल ७.६२ मिलिमीटरची आणि एके-४७ सुद्धा ७.६२ ची. हे ऐकून कुणीतरी नक्की विचारतं, ‘मग गोळी एकमेकींत चालते का?’ नाही चालत. एसएलआरच्या काडतुसाच्या कवचाची लांबी ५१ मिलिमीटर, एकेच्या काडतुसाच्या कवचाची ३९. नळीच्या व्यासावरून काडतूस ओळखता येत नाही, एवढं त्या एका उत्तरातून लोकांना कळतं.

वजनं पुस्तकातून उतरवण्यापेक्षा, हाताळायला दिलेल्या वस्तूंची वजनं काट्यावर करून लिहा. पोलादी टोप, पिठ्ठू (सैनिकाची पाठीवरची पिशवी), रिकामं मॅगझिन, पाण्याची बाटली. ‘हे मी इथल्या काट्यावर तोललं’ या वाक्याला पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जास्त किंमत असते.

आकडे दोन ठिकाणी तपासल्याशिवाय कार्डावर शाईने उतरवायचे नाहीत, तोवर पेन्सिल. वस्तूवरची धातूची पट्टी, संग्रहालयाची नोंदवही आणि छापील अधिकृत इतिहास, या तिन्हींपैकी दोन जुळले पाहिजेत. व्हॉट्सॲपवर आलेलं काहीही यात धरू नका, मग ते पाठवणारा तुमचा जुना सीओ (कमांडिंग ऑफिसर) का असेना.

हमखास चुकणाऱ्या गोष्टी

या गोष्टी इतक्या वेळा येतात की कार्ड नसलं तरी पाठ हव्यात.

‘विक्रांत’ने कराची उडवली, हे तुम्हाला दर आठवड्याला ऐकू येईल. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात होती. तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी ४ डिसेंबरला कॉक्स बाझार आणि चितगावच्या बाजूला हल्ले केले, तेही बॉयलरला तडे गेल्याने नौकेचा वेग मर्यादित असताना. कराचीवर ४ डिसेंबरच्या रात्री गेल्या त्या मुंबईच्या क्षेपणास्त्र नौका: निपात, निर्घात आणि वीर. हे ऑपरेशन ट्रायडंट; नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो याच्यामुळे. ऑपरेशन पायथन ८ डिसेंबरच्या रात्रीचं. लोक दोन्ही रात्री एकत्र करतात. मुंबईत हा फरक समजावून सांगणं सोपं आहे: नकाशा हातात घ्या, एक बोट कराचीवर आणि दुसरं चितगावावर ठेवा. मधला सगळा देश दिसला की चूक आपोआप सुटते.

‘तीच का ही विक्रांत?’ हा दुसरा प्रश्न. नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात आली. तिची लांबी २६२ मीटर, जुनीची सुमारे २१३. नाव तेच, आर-११ हा क्रमांकही तोच, म्हणून गोंधळ. मोटारसायकलचा प्रश्नही येणार: हो, जुन्या ‘विक्रांत’चा धातू वापरून २०१६ मध्ये बजाजने एक मोटारसायकल काढली होती. हसून उत्तर द्या आणि पुढे सरका. यावर दहा मिनिटं घालवणारे गाइड आहेत, आणि त्यांच्या फेऱ्या कधीच वेळेत संपत नाहीत.

पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली ती कशाने, यावर दोन बाजूंची दोन मतं आहेत. भारतीय बाजू ‘आयएनएस राजपूत’ने टाकलेल्या खोल-पाणी बाँबचं कारण देते; पाकिस्तानी बाजू सुरुंगाच्या किंवा पाणबुडीतच झालेल्या स्फोटाचं. दोन्ही सांगा. इथे एकच बाजू सांगितली की यावर वाचन असलेला एखादा प्रेक्षक तुम्हाला तिथेच अडवतो, आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

हुद्दे. नौदलातला कॅप्टन हा सैन्यातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो. ‘खुकरी’ या युद्धनौकेचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्याबद्दल बोलताना हे आधी सांगितलं नाही, तर ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तिशीतला तरुण कॅप्टन उभा राहतो. ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुकरी’ बुडाली तेव्हा तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले.

परमवीरचक्र आणि अशोकचक्र यांतला फरक: पहिलं शत्रूसमोरच्या शौर्यासाठी, दुसरं शत्रूसमोरच्या लढाईखेरीज दाखवलेल्या शौर्यासाठी. परमवीरचक्र आजवर २१ जणांना मिळालं. मराठी प्रेक्षकांपुढे एक गोष्ट नक्की सांगा: हे पदक सावित्रीबाई खानोलकर यांनी रचलं. जन्माने त्या युरोपीय, लग्नाने मराठी घरातल्या. पदकावर इंद्राच्या वज्राची चार चिन्हं आहेत. मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना ते १९६५ च्या युद्धासाठी मरणोत्तर मिळालं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडकडचे प्रेक्षक असले की घाडगे हे नाव ऐकताच कुणीतरी ‘आमच्या माणगावचे’ म्हणून पुढे येतं. त्यांना बोलू द्या.

१९४६ च्या घटनेला ‘बंड’ म्हणू नका, ‘उठाव’ म्हणा. कूपरेजच्या स्मारकाचा विषयच तो आहे. १८ फेब्रुवारीला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण तळावर सुरुवात झाली आणि पाच-सहा दिवसांत तो थांबला. मुंबईचे गिरणी कामगार नाविकांच्या बाजूने रस्त्यावर उतरले हे सांगायला विसरू नका. ज्यांचे आजोबा गिरणीत होते असे प्रेक्षक या शहरात पुष्कळ आहेत.

एका वस्तूवर तीन मिनिटं

एका थांब्यावर ३ मिनिटं, एका फेरीत १० ते १२ थांबे, सगळं मिळून ४० मिनिटं. याहून लांब फेरी माणसं पेलू शकत नाहीत; मागची रांग भिंतीला टेकायला लागते. गट १५ ते २० जणांचा. त्याहून मोठा असेल तर दोन करा, नाहीतर मागच्यांना फक्त पुढच्यांची पाठ दिसते.

बोलण्याचा क्रम असा: डोळ्यांना दिसतं ते आधी, ते तसं का आहे हे मग, युद्ध शेवटी. ‘मरुत’चा नमुना घ्या.

‘विमानाच्या मागे या. काय दिसतंय? दोन तोंडं. म्हणजे दोन इंजिनं. आता पुढे या, नाक बघा, किती बारीक आहे ते. हे अंग आवाजाच्या दुप्पट वेगासाठी कापलेलं आहे. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने बंगळुरूला त्याचा आराखडा केला आणि १९६१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. पण हव्या त्या ताकदीचं इंजिन भारताला मिळालंच नाही. ऑर्फियस नावाची दोन इंजिनं बसवावी लागली आणि विमान जितक्या वेगासाठी बनवलं, तितकं ते कधीच धावलं नाही. तरीही खालून उडून जमिनीवर मारा करायला ते पक्कं होतं. १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर याच प्रकारची विमानं लढली.’

एवढं बोलून थांबा. मोजून ७ सेकंद गप्प राहा. ही शांतता फौजी माणसाला जड जाते, पण प्रश्न तिथेच येतो. राजस्थानातल्या लोंगेवालाच्या लढाईचा प्रश्न आला तर सांगा: तिथल्या रणगाड्यांवरचा मुख्य मारा हंटर विमानांनी केला.

उभं राहताना वस्तूच्या बाजूला राहा, पुढे नाही. ऊन तुमच्या तोंडावर येऊ दे, लोकांच्या नाही. बोलताना वस्तूकडे तोंड करून बोलू नका. शाळेच्या गटात मागच्या मुलाला ऐकू येणार नाही. प्रत्येक प्रश्न मोठ्याने परत म्हणा आणि मग उत्तर द्या. कमी ऐकू येणाऱ्या गाइडची यात सोय होते, आणि मागच्यांनाही प्रश्न कळतो.

संक्षेप टाळा. आरसीएल, ओपी, एलएमजी, सीओ, क्यूएम हे शब्द तोंडात बसलेले असतात. फेरीआधी घरातल्या कुणाला तरी बोलून दाखवा आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दावर हात वर करायला सांगा. पहिल्यांदा दहा-बारा वेळा हात वर होतो.

अवघड प्रश्न

‘तुम्ही किती जणांना मारलं?’ हे मुलं सरळ विचारतात आणि शिक्षक ओशाळतात. रागावू नका. ‘ते मी सांगत नाही. पण या टोपाखाली किती गरम व्हायचं ते सांगतो’ असं म्हणून वस्तूकडे परत या. उत्तर आधी पाठ नसेल तर माणूस गडबडतो आणि नको ते बोलून जातो, म्हणून हे वाक्यही कार्डावर लिहून ठेवा.

पक्षाचं राजकारण, आजच्या सीमेवरच्या बातम्या, ‘आपण का नाही घुसलो’ यांना उत्तर देऊ नका. हुतात्म्याच्या घरचं कुणी समोर असेल आणि त्यांनी नाव सांगितलं तर फेरी थांबवा, नाव नीट लिहून घ्या, त्यांना बोलायचं असेल तर ऐका. लढाईचं तपशीलवार वर्णन त्या दिवशी वगळा.

काही वस्तू काही माणसांसाठी जड असतात. एखादं दालन पार करताना घाम फुटतो, झोप जाते, असं होत असेल तर ते दालन दुसऱ्या स्वयंसेवकाला द्या. आठवड्यात दोनहून जास्त फेऱ्या सुरुवातीला घेऊ नका. ते टिकत नाही आणि घरचेच आधी सांगतात, ‘तुम्ही परत रात्री उठायला लागलात.’

दारूगोळा आणि भेटी

कुणीतरी आजोबांच्या ट्रंकेतून काडतूस किंवा जुना गोळा पिशवीत घालून घेऊन येईल. हातात घेऊ नका, हलवू नका, ‘निकामी आहे, मला कळतं’ म्हणून खात्री देऊ नका. पिशवी जिथे आहे तिथेच राहू दे, लोकांना दालनाबाहेर काढा, सुरक्षा अधिकाऱ्याला सांगा. पोलिसांना ते बोलावतील. गोळा ओळखता येणं आणि तो आतून रिकामा आहे हे माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीस वर्षं तोफखान्यात काढलेला माणूसच इथे जास्त चुकतो, कारण त्याला आत्मविश्वास असतो. जिवंत काडतूस घरी ठेवणं शस्त्र अधिनियमाखाली येतं, हेही त्या माणसाला शांतपणे सांगा.

पदक, पत्रं, फोटो कुणी द्यायला आणले तर तुम्ही स्वीकारू नका, अभिरक्षकाकडे न्या. पावतीशिवाय घेतलेली वस्तू पुढे कुणाची यावरून भांडणं होतात.

मुंबईची हवा

खारी हवा आणि पावसाळ्यातली दमट हवा लोखंडाचा जीव काढते. उघड्या हाताने तलवार धरली की घामातलं मीठ तिथेच राहतं आणि काही दिवसांत बोटांचे ठसे तांबूस होऊन उठतात. लोखंड हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोजे घाम शोषतात आणि पोलादावरून घसरतात. पितळ ब्रासोने चकचकीत करायचा फौजी हात आवरा: त्यातली पावडर घासून घासून कोरलेली अक्षरं पुसते, आणि वस्तूचं वर्ष, कारखाना, क्रमांक हे त्याच अक्षरांत असतं. काचेच्या कपाटात सिलिका जेलची पुडी असेल तर तिचा रंग बघत जा. रंग बदलला की ती ओली झाली, अभिरक्षकाला कळवा.

एप्रिल-मेमध्ये उघड्यावरच्या विमानाला किंवा तोफेला दुपारी हात लावू देऊ नका, पत्रा चटका देतो. उघड्यावरच्या वस्तू ११ च्या आत उरका. जून ते सप्टेंबर वेगळी, छताखालची फेरी तयार हवी. नौदल सप्ताहात युद्धनौका लोकांसाठी खुल्या होतात तेव्हा जहाजावर मदतीला गेलात तर शिडीवरून उतरताना तोंड शिडीकडे, दोन्ही हात कठड्यावर. साडी नेसलेल्या बायका आणि लहान मुलं आधी, मोबाइल खिशात. दारांच्या उंच उंबरठ्यांना नाविक सरावलेला असतो, प्रेक्षकाची नडगी तिथेच फुटते.

लोकलचं गणित लावल्याशिवाय वेळ देऊ नका. कल्याण, पनवेल, विरारहून येणाऱ्याने ११.३० च्या आधीची फेरी घेऊ नये आणि ४ च्या आत परतीची गाडी धरावी. मोठ्या भरतीच्या दिवशी जोराचा पाऊस असेल तर सकाळी ७.३० पर्यंत ‘येतोय’ किंवा ‘नाही’ हे स्वयंसेवकांच्या गटात टाका, म्हणजे दक्षिण मुंबईत राहणारा बदली माणूस उभा करता येतो. बस भरून आलेली महापालिका शाळेची मुलं आणि गाइड भायखळ्याला अडकलेला, ही पावसाळ्यातली नेहमीची कथा.

शाळेची नोंदणी घेताना चार गोष्टी विचारा: इयत्ता, संख्या, माध्यम, आणि व्हीलचेअरवर किंवा दृष्टी नसलेलं कुणी आहे का. पाचवी ते सातवीला २५ मिनिटं पुरेत आणि दर १५ मुलांमागे एक शिक्षक हवाच. दृष्टी नसलेल्या मुलांसाठी टोप, पिठ्ठू, रिकामं मॅगझिन टेबलावर काढून ठेवा. खरं तर सगळ्याच मुलांना हे टेबल सगळ्यात जास्त आवडतं.

तुमची स्वतःची आठवण

ती फेकून द्यायची नाही, फक्त तिची जागा वेगळी आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करा: नाव, पलटण, ठिकाण, काळ, आणि मग जे स्वतः पाहिलं ते. दुसऱ्याकडून ऐकलेलं वेगळ्या फाइलमध्ये. एका बैठकीत अर्धा तास, पंखा बंद, खिडकी लावलेली. मुंबईत हॉर्न नसलेली वेळ पहाटे साडेपाचला मिळते. नंतर ही फाइल अभिरक्षकाकडे द्या, कुणाला ऐकू द्यायची ते कागदावर लिहून. फेरीत यातलं जास्तीत जास्त एक मिनिट वापरा, तेही शेवटच्या थांब्यावर, आणि ‘हे मी पाहिलेलं आहे, पुस्तकातलं नाही’ असं म्हणून.

तीन महिन्यांनी सगळी कार्डं टेबलावर पसरा. ज्यांवर पेन्सिलच राहिली आहे ती बाजूला काढा आणि ती वस्तू महिनाभर फेरीतून वगळा. ज्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही तो कार्डाच्या मागे तारखेसह लिहा. पुढच्या स्वयंसेवकाला पेटी सोपवताना त्याने आधी मागची बाजू वाचावी.